दारावरचं फडकं

१

आमच्या विंगेत दुपारी बाराची फेरी माझी. फेरी म्हणजे एकट्या राहणाऱ्यांच्या दाराला हात लावत वरून खालपर्यंत यायचं. एकट्यांनी दाराच्या हँडलला ओलं फडकं बांधून ठेवायचं. फेरीवाल्याने ते चाचपायचं. ओलं लागलं तर आतला माणूस ठीक आहे असं समजून पुढे जायचं. कोरडं लागलं, किंवा फडकंच दिसलं नाही, तर बेल वाजवायची. या उन्हात घट्ट पिळलेलं फडकं बघता बघता वाळून पापड होतं. तेव्हा ते ओलं आहे म्हणजे आतला माणूस नुकताच उठलाय, त्याने नळ सोडलाय, दार उघडलंय. हातपाय चालतायत आणि डोकं ठिकाणावर आहे. एवढं कळलं की पुरे.

ही युक्ती ए.सी.च्या भांडणातून निघाली. आमची बिल्डिंग जुनी, तिच्या वायरी त्याहून जुन्या. निम्म्या लोकांनी ए.सी. बसवले आणि त्यांचे डबे मधल्या डक्टमध्ये टांगले. त्या डब्यांची गरम हवा उरलेल्या निम्म्यांच्या बेडरूममध्ये शिरते. सभेत ए.सी.वाले म्हणाले, तुम्हीही घ्या. बिनए.सी.वाले म्हणाले, सगळ्यांनी घेतला तर फ्यूज उडून सगळेच अंधारात बसू. वरच्या मजल्यावरचे अंपायर उठले, एक बोट वर केलं आणि म्हणाले, "ए.सी. आउट!" अर्धी सभा हसली, अर्धी चिडली. निर्णय काही झाला नाही. फक्त जाता जाता अध्यक्षबाई म्हणाल्या की एकट्या माणसांचं तरी काहीतरी करू या, आणि हे फडकं ठरलं.

बाराची फेरी मी घेतली, चारची बसवाल्यांनी. ते शाळेची बस चालवतात, पोरांना घरी सोडून चारच्या आत परत येतात. मी स्वतःही एकटीच राहते, त्यामुळे माझ्या दारालाही फडकं असतं आणि ते बसवाले बघतात. मरणाला भीत नाही असं सगळेच म्हणतात, मीही म्हणते. पण पडून राहण्याला मी फार भिते. आईच्या शेवटच्या दिवसांत मी शेजारी होते. माझ्या शेजारी कोण असणार? चार वाजता दाराशी थांबणारी ती चप्पल, तेवढाच माझा आधार होता.

२

अंपायर म्हणजे खरेखुरे अंपायर. आयुष्यभर दुसऱ्यांचे सामने उन्हात उभं राहून बघितले आणि म्हातारपणी खुर्चीत बसून आमच्या सभेचे निकाल दिले. फडक्याचा नियमही त्यांनीच पक्का करून घेतला होता. "ओलं असेल तर बेल नाही. दुपारची झोप मोडलेली मला चालणार नाही. नियम म्हणजे नियम." सगळ्या एकट्यांनी माना डोलावल्या. एकट्या माणसाला दया नको असते, आणि झोप तर हवीच असते.

सभेनंतर थोड्याच दिवसांत त्यांची कवळी पडून तिचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून ते बाहेर यायचे बंद झाले. माझा धंदाच कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप घेतात, ते प्लास्टरचे जबडे माझ्याकडे येतात, आणि मी घरी बसून त्यावर मेणात दात लावते. अंपायरांचं काम माझ्याकडेच आलं होतं. पण या उन्हात मेण उभंच राहीना. सकाळी नीट लावलेले दात दुपारी वाकडे होऊन हसायला लागत. माझ्या फ्रिजमध्ये सध्या भाजीपेक्षा जबडे जास्त आहेत. अंपायर तोंडावर रुमाल धरून, दाराच्या फटीतून मला एवढंच म्हणाले होते, "दात आल्याशिवाय मी कुणाशी बोलणार नाही. हसतात लोक." त्यांच्या घरातून आवाज येत नाही याचं मग कुणालाच काही वाटलं नाही.

एके दिवशी बाराला मी त्यांच्या दाराशी पोचले आणि फडक्याला हात लावला. ओलं होतं. मी पुढे निघाले आणि दोन पायऱ्या उतरून थांबले. काहीतरी खटकलं होतं. परत वर जाऊन हात लावला.

ते गार होतं. आमच्या टाकीचं पाणी दुपारी चहा करण्याइतकं तापतं. बाकीच्यांची फडकी हाताला कोमट लागतात, साबणाचा वास येतो. हे खोल विहिरीतून काढल्यासारखं गार होतं. आणि पिळलेलं नव्हतंच. टोकाशी पाण्याचा थेंब लोंबत होता.

३

"बर्फ घालत असतील," बसवाले म्हणाले. जिन्यात भेटले होते, मानेवर पावडर थापलेली. "तुम्हाला चारलाही गारच लागतं का?" मी विचारलं.

"हो. चांगलं गार. मी तर म्हणतो, म्हाताऱ्याने गुपचूप ए.सी. घेतला."

"अंपायरांनी? सभेत बोट वर करून?"

"म्हणून तर गुपचूप!" ते हसले. मीही हसले. पुढचे काही दिवस तोच आमचा विनोद झाला. फडकं रोज गार, रोज चिंब. दुपारची बिल्डिंग एरवी सुन्न असते. ए.सी.वाल्यांची दारं-खिडक्या गारव्यासाठी बंद, आमची उन्हासाठी बंद. कुणाच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नाही. त्या सुन्न जिन्यात हसायला काहीतरी मिळालं होतं.

पण मी जरा चौकस आहे. माझ्या मोरीच्या खिडकीतून डक्ट दिसतो. मान वाकडी करून मी वर बघितलं. सगळ्यांचे डबे घरघरत होते, अंपायरांच्या खिडकीखाली डबा नव्हता. दुसऱ्या दिवशी दाराला कान लावला. यंत्राची घरघर नाही, पंख्याचीही नाही. मग वाटलं, बर्फच असेल. मग वाटलं, जो माणूस दात नाहीत म्हणून खाली दूध घ्यायला येत नाही, तो एवढा बर्फ आणतो कुठून?

बेल वाजवावी असं फार वाटलं. बोट बेलपर्यंत गेलंही. पण फडकं ओलं होतं आणि नियम त्यांचाच होता. म्हातारा दार उघडून खेकसला असता. मी बोट मागे घेतलं आणि खाली आले.

संध्याकाळी दादाचा फोन आला. माझा भाऊ लांब राहतो आणि फोनवरून माझा संसार चालवतो. "ए.सी. घे म्हणून किती वेळा सांगू? हट्ट कसला करतेस?"

"हट्ट नाही रे. ए.सी. लावला की सगळं बंद करून बसायचं. मी आत ओरडले तर कुणाला ऐकू जाईल?"

"तू कशाला ओरडशील?" दादा म्हणाला. वहिनीने मागून काहीतरी विचारलं आणि त्याने फोन ठेवला.

४

अंपायरांची मेणाची कवळी अखेर जमली. तोंडात बसवून बघायची आणि मग पक्की करायची एवढंच उरलं होतं. हे कारण नियमाच्या बाहेरचं होतं. फडकं ओलं असो की कोरडं, दात आलेत म्हटल्यावर म्हातारा दार उघडणारच. मी कवळी ओल्या कापसात गुंडाळली आणि बाराच्या फेरीला निघाले.

वर पोचेपर्यंत मेण मऊ पडलं होतं. बोटाखाली हिरडी दबत होती. मनात म्हटलं, लवकर उघडा हो, नाहीतर हे हसू तुमच्या नाकापर्यंत जाईल. मी बेल वाजवली. "अंपायर, दात आणलेत!" पुन्हा वाजवली. फडक्यातून पाणी टपकत होतं. खाली फरशीवर पडत होतं आणि दाराखालच्या फटीकडे सरकत होतं. माझी पावलं एकदम गार पडली.

मी खाली वाकले आणि हात फटीजवळ नेला. बाजूलाच फरशी तव्यासारखी तापलेली, आणि फटीशी मात्र फ्रिज उघडल्यावर येते तशी हवा. हात तिथे तसाच ठेवला. दुसऱ्या हातातली कवळीही फटीशी धरली, तर ती हळूहळू कडक होत गेली. मेण मला कळतं. त्याला फसवता येत नाही. ते इतकं घट्ट झालं की मी नख मारून बघितलं तर नख उमटलं नाही.

मग मी बसवाल्यांना फोन केला, आणि त्यांनी किल्लीवाल्याला आणलं. किल्लीवाला घामाने निथळत होता. कुलूप खोलता खोलता त्याने हँडलवरचं फडकं सोडलं, मानेवरून फिरवलं आणि म्हणाला, "वा! काय गार आहे हो हे!" मग ते परत होतं तसं बांधून टाकलं.

दार उघडलं आणि आतून भट्टीची धग आली. तिघंही मागे सरलो. त्या धगीत वासही होता. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा बंद. अंपायर पलंग आणि भिंत यांच्या मधल्या जागेत पडले होते. एक हात पलंगाच्या कडेवर राहिला होता. मी चेहऱ्याकडे बघितलं नाही. मी मोरीत गेले, कारण मला कुठेतरी जायचंच होतं. बादली पालथी होती. नळाखालची फरशी कोरडी ठणठणीत, तिच्यावर धूळ. फ्रिज रिकामा होता आणि बर्फाच्या ट्रेमध्ये पाणीसुद्धा नव्हतं.

५

डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस झालेत.

"असं कसं?" बसवाल्यांनी विचारलं. "काल चारला मी हात लावलाय. ओलं होतं."

डॉक्टरांनी खांदे उडवले. बसवाल्यांचा चेहरा पडला. हा माणूस शाळेच्या पोरांची मोजदाद दोनदा करतो, बस रिकामी झाल्यावर सीटखाली वाकून बघतो. ते जिन्यात बसले आणि कुणाला तरी पटवून देत असल्यासारखे बोलत राहिले, "मी हात लावला होता हो. रोज लावत होतो."

मीही लावत होते. आत अंपायर पडलेले असताना मी दाराबाहेर विनोद करत होते. फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

सभा भरली. सुरुवात हळहळीने झाली आणि दहाव्या मिनिटाला गाडी ए.सी.वर आली. एक जण म्हणाले, त्यांच्याकडे ए.सी. असता तर वाचले असते. दुसऱ्या म्हणाल्या, तुमच्या डब्यांची गरम हवा त्यांच्या खोलीत शिरली नसती तरी वाचले असते. मी उठून विचारलं, "पण फडकं कोण भिजवत होतं?" मग अध्यक्षबाई मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, या उन्हात शरीर लवकर खराब होतं. डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. सकाळी भिजवलं असेल त्यांनी, आणि मग पडले असतील."

मला ते पटवून घ्यायचं होतं. बाकीच्यांनी पटवून घेतलंही. मोरीतल्या धुळीचं मी बोलले, तर कुणी म्हणालं, एकट्या पुरुषाच्या घरात धूळ असायचीच. ओल्याला बेल नाही हा नियम तसाच राहिला. मी तो बदला म्हटलं तर इतर एकटेच माझ्यावर उखडले. झोपेत बेल नको म्हणजे नको.

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघ, म्हणून म्हणत होतो." या वेळी मी ए.सी.ला हो म्हटलं. मेकॅनिकने पुढच्या आठवड्याचा वायदा दिला. या उन्हात त्याच्या दाराशीही रांग होती.

६

त्यानंतर एका दुपारी मी फेरी करून घरी आले. कुलूप काढताना हाताला माझं फडकं लागलं. निघताना मी ते नेहमीसारखं करकचून पिळून बांधलं होतं. ते चिंब होतं, आणि गार.

बसवाले लवकर आले असतील, माझी काळजी वाटून भिजवलं असेल, असं मी मनाला सांगितलं. चार वाजता ते आले तेव्हा दार उघडून विचारलं. "नाही बुवा," ते म्हणाले. "मी आत्ताच येतोय." मग जरा चाचरत पुढे म्हणाले, "बाई, तुम्ही जेवता ना नीट? उन्हाने माणसाला विसरायला होतं." त्यांच्या डोळ्यांत मला माझी काळजी दिसली आणि मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फेरीनंतर मी दाराच्या आत उभी राहिले आणि पीपहोलला डोळा लावला. समोरचा जिना, कठडा, भिंतीवरचा मीटरचा खोका. उन्हाचा पट्टा कठड्यावर होता. पाय दुखायला लागले. मनात म्हटलं, किती वेडी बाई आहेस, तिकडे जबड्यांचं मेण वितळतंय. आणि पीपहोलच्या खालच्या कडेला काहीतरी आलं.

पाठ होती. एवढंच दिसलं. कुणीतरी माझ्या हँडलवर इतकं खाली वाकलं होतं की डोकं दिसत नव्हतं, फक्त पाठीची कमान, आणि तिला चिकटलेलं ओलं कापड. ती पाठ घाईत नव्हती. आजाऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी, मन लावून, ती फडकं सारखं करत होती.

मला दोन कड्या आणि वरचा बोल्ट काढायचा होता. दार उघडलं तेव्हा जिना रिकामा होता. फरशी कोरडी होती. फडक्यातून मात्र पाणी टपकत होतं.

मी ते सोडलं, आत आणलं आणि ठरवलं की आता दाराला काही बांधायचंच नाही. फडकं नसलं तर बेल वाजवायची, हाही नियमच होता. रोज चारला बसवाल्यांनी बेल वाजवावी, मी दार उघडावं, दोन शब्द बोलावेत. मला तेच हवं होतं, तर तेच करायचं.

७

आज बिल्डिंगची वीज गेली. सगळे ए.सी. एकदम चालू होते, डक्टमधली घरघर वाढत वाढत गेली आणि थांबली. पंखाही थांबला. मी सकाळीच फडकं भिजवून गळ्याभोवती घेतलं होतं आणि एका जबड्यावर काम करत होते. बाराची फेरी आज जमलीच नाही. डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते. पाणी प्यावं म्हणून उठले आणि ओट्यापर्यंत पोचलेच नाही.

शुद्ध आली तेव्हा गाल फरशीवर होता. घाम येत नव्हता. फोन आतल्या खोलीत चार्जरला होता. तिकडे जायचं की दाराकडे, एवढंच ठरवायचं होतं. दार जवळ होतं. कोपरांवर सरकत सरकत गेले. आवाज काढून बघितला तर घशातून नुसती हवा आली. वरच्या बोल्टपर्यंत हात पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

पण मी घाबरले नाही. दाराला फडकं नाही. बसवाले येतील, फडकं नाही बघतील, बेल वाजली नाही तर दार ठोकतील. मी उघडलं नाही की किल्लीवाल्याला आणतील. तो माणूस रिकाम्या बसमध्येही सीटखाली वाकून बघतो. मी दाराशी डोकं टेकून पडून राहिले आणि वाट बघत राहिले.

त्यांची चप्पल जिन्यात वाजली. वरचा मजला झाला. मग माझा. चप्पल माझ्या दाराशी थांबली. मी डोळे मिटले. इतका आनंद मला कुणाच्या येण्याचा आयुष्यात झाला नसेल.

बाहेर ते फोनवर बोलत होते. "हो अध्यक्षबाई, फेरी होत आली. सगळे ठीक आहेत. हो, दातवाल्या बाईसुद्धा. मला जरा त्यांची काळजीच होती. पण आत्ताच हात लावलाय ना, चिंब ओलं आहे." मग जरा थांबून म्हणाले, "नाही, बेल कशाला? झोपल्या असतील."

मी गळ्याकडे हात नेला. माझं फडकं तिथेच होतं, वाळून कडक झालेलं.

चप्पल खाली जायला लागली. मी उरलेल्या सगळ्या जोराने दारावर हात मारला. आवाज झाला, पण उशी पडावी तेवढाच. चप्पल थांबली नाही. खालच्या मजल्यावर गेली, त्याच्या खालच्या, आणि मग ऐकू येईनाशी झाली.

दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ येत होती. ती मधोमध अडली. मी पुन्हा हात मारला. आता जोर नव्हताच.

बाहेरून कुणीतरी दार थोपटलं. ठोकलं नाही, थोपटलं. मूल झोपेत दचकल्यावर त्याची पाठ थोपटतात तसं, सावकाश, एका लयीत, न थांबता. फटीतून गार हवा आली आणि माझ्या गालाला लागली. सबंध उन्हाळ्यात मला पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. ओरडायला हवं, सरकायला हवं, फोनपर्यंत जायला हवं, सगळं मला कळत होतं.

मी हात खाली घेतला.